कुनोचे अरण्य आणि त्याचे चार धनी

वाघ आणि सिंह यांची झुंज लागली तर जिंकेल कोण, हा प्रश्न शाळकरी मुलांना फार आवडतो. मोठ्या माणसांनाही तो एके काळी इतका आवडत असे की, त्याचे उत्तर डोळ्यांनी पाहावे म्हणून राजेरजवाड्यांनी भिंतींची आवारे बांधली, पिंजरे घडविले आणि पशूंना एकमेकांच्या अंगावर सोडले. लखनौच्या नवाबीत हिंस्र पशूंच्या झुंजी हा दरबारी करमणुकीचा नेहमीचा प्रकार होता. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात या झुंजींना स्वतंत्र स्थान दिले आहे. बडोद्यास खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी येऊन राहिला होता. आगडात होणाऱ्या हत्तींच्या साठमारीचे आणि इतर पशूंच्या टकरींचे त्याने केलेले वर्णन पुढे युरोपात मोठ्या आवडीने वाचले गेले.

परंतु आगडातल्या झुंजीवरून रानाचा न्याय समजत नाही. आगडात पळून जाण्यास वाट नसते, आणि रानात तर पळून जाणे हाच पहिला नियम असतो. भुकेला वाघ असो की पोट भरलेला सिंह असो, त्याला जखम परवडत नाही. पंजा दुखावला की शिकार बंद, आणि शिकार बंद झाली की उपासमार. म्हणून अरण्यातील बलाढ्य पशू एकमेकांना शोधीत हिंडत नाहीत. ते एकमेकांना टाळीत हिंडतात. त्यांचा झगडा होतो तो जागा पुरेनाशी झाली म्हणजे, भक्ष्य कमी झाले म्हणजे, किंवा पोरके पिल्लू वाटेत सापडले म्हणजे. एक चौथे कारणही आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. माणूस आपल्या मर्जीने एका पशूला उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवतो, तेव्हाही झगडा होतो.

या चौथ्या कारणाचा इतिहास ज्या एका अरण्यात अथपासून आजवर वाचावयास मिळतो, ते अरण्य ग्वाल्हेरच्या जुन्या संस्थानात आहे. चंबळेला मिळणाऱ्या कुनो नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले हे रान आज मध्य प्रदेशाच्या श्योपूर जिल्ह्यात मोडते. खैर, सालई आणि करधई यांचे कोरडे जंगल, मधून मधून गवताची मोकळी माळराने, नदीकाठी पालपूरचा जुना किल्ला, आणि पिढ्यान् पिढ्या या रानावर उपजीविका करणारे सहरिया आदिवासी, असे त्याचे रूप आहे. या एकाच अरण्याशी सिंह, वाघ, बिबळ्या आणि चित्ता या चारही मोठ्या मार्जारांचा संबंध आला आहे. जगाच्या पाठीवर असे भाग्य, किंवा अशी परीक्षा, फार थोड्या अरण्यांच्या वाट्यास आली असेल.

पुढे जाण्यापूर्वी या चौघांची ओळख नीट करून घेणे बरे. कारण मराठी बोलण्यात बिबळ्या आणि चित्ता यांची सरमिसळ फार होते. बिबळ्याच्या अंगावरील ठिपके म्हणजे पाकळ्यांसारख्या काळ्या डागांची वर्तुळे असतात. तो अंगाने भरीव, झाडावर चढणारा, रात्री हिंडणारा आणि कोठेही निभावून नेणारा असतो. चित्त्याचे ठिपके भरीव काळे असतात, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली असते, पाय लांब आणि कंबर बारीक असते. तो दिवसा, उघड्या माळावर, केवळ धावण्याच्या बळावर शिकार करतो. या धावण्यापायी निसर्गाने त्याला हलके शरीर आणि लहान जबडा दिला. त्यामुळे चौघांत तोच सर्वांत दुबळा. वाघ एकटा राहणारा आणि आडोशाच्या रानाचा. सिंह कळपाने राहणारा आणि विरळ, उघड्या रानाचा. या स्वभावभेदामुळेच पूर्वीच्या विस्तीर्ण हिंदुस्थानात चौघांनाही जागा पुरत होती. एकाच प्रांतात दाट झाडीत वाघ, काटेरी विरळ रानात सिंह, काळविटांच्या माळावर चित्ता आणि या सर्वांच्या सांदीकोपऱ्यांत बिबळ्या, अशी ती विभागणी होती.

ही विभागणी प्रथम मोडली ती चित्त्याच्या बाबतीत. चित्ता माणसाळतो, आणि हा गुणच त्याच्या मुळावर आला. मोगल दरबारात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविणे हा राजविलास होता. अबुल फजलने अकबराच्या चित्तेखान्याची व्यवस्था तपशिलाने नोंदविली आहे. चित्ते पकडण्याचे खड्डे, त्यांना शिकविण्याची रीत, त्यांचा दर्जाप्रमाणे ठरलेला आहार, हे सारे त्यात आले आहे. इतकेच नव्हे तर एका पराक्रमी चित्त्यापुढे नगारा वाजविण्याचा मान दिल्याचेही तो सांगतो. आपल्या पित्याने हजार चित्ते जमविले होते, असे जहांगीर लिहितो. परंतु कैदेत चित्त्याची वीण होत नसे. एका चित्तिणीला पिल्ले झाली तेव्हा जहांगिराने त्याची आश्चर्य म्हणून नोंद केली. याचा अर्थ उघड आहे. चित्तेखान्यातील प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणलेला होता, आणि तीन शतके ही पकड चालू राहिली. त्यात माळरानांची शेते झाली, काळविटे घटली, बंदुका आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी देशी चित्ते इतके दुर्मिळ झाले की, चित्त्यांच्या शिकारीचा शौक असलेल्या कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागविले. १९४७ साली आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानात तेथील राजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. हिंदी चित्त्यांची ती शेवटची खात्रीलायक नोंद समजली जाते. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे शासनाने जाहीर केले.

सिंहाची कथा याहून फार निराळी नाही. उघड्या रानात राहणारा आणि कळपाने हिंडणारा हा पशू घोड्यावरून किंवा हत्तीवरून टिपण्यास वाघापेक्षा सोपा पडे. एकोणिसाव्या शतकात दिल्लीपासून मध्य हिंदुस्थानापर्यंत तो भराभर मारला गेला. गुणेच्या बाजूस १८७० नंतरच्या दशकाच्या आरंभी सिंह मारल्याची नोंद आहे; ग्वाल्हेर प्रांतातील मूळच्या सिंहांचा हा जवळजवळ शेवटच होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत काठेवाडातील गीरचे रान वगळता हिंदुस्थानात कोठेही सिंह उरला नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वाघाने सिंहाला हाकलून लावले, अशी समजूत पुष्कळांच्या मनात असते. वस्तुतः वाघ ज्या रानात पोहोचलाच नाही त्या रानांतूनही सिंह नाहीसा झाला. त्याला संपविले ते बंदुकीने आणि नांगराने.

१९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन काठेवाडात गेले असता त्यांनी गीरमध्ये सिंहाची शिकार करण्याचा बेत सोडून दिला, आणि उरलेल्या सिंहांचे रक्षण करावे असा सल्ला जुनागढच्या दरबारास दिला. याच सुमारास ग्वाल्हेरच्या गादीवर माधवराव महाराज शिंदे होते. १८८६ ते १९२५ अशी त्यांची दीर्घ कारकीर्द झाली. कारखाने, रेल्वे, पाटबंधारे यांची त्यांना हौस होती, तशीच शिकारीचीही होती. आपल्या संस्थानात पुन्हा सिंह नांदावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. गीरमध्ये देण्याइतके सिंह नव्हते. म्हणून आफ्रिकेतून सिंह आणण्यात आले. कुनोच्या रानात डोबकुंड येथे उंच भिंतींचे आवार बांधून त्यांना प्रथम तेथे ठेवले, आणि काही वर्षांनी रानात मोकळे सोडले.

प्रयोगामागील इच्छा चांगली होती, पण रानाचा हिशेब त्यात धरला गेला नव्हता. पिंजऱ्यात आणि आवारात वाढलेले सिंह माणसाच्या हातून मांस खाण्यास सरावले होते. चितळ किंवा सांबर यांच्या मागे धावण्यापेक्षा गावाबाहेर चरणारी गाय त्यांना सोपी वाटली. गुरांवरून ते माणसांवर आले. गावकऱ्यांच्या तक्रारी दरबारापर्यंत गेल्या आणि सिंहांना पुन्हा पकडून आवारात आणावे लागले. काही काळाने त्यांना दुसऱ्यांदा सोडण्यात आले. पुन्हा तेच घडले. काही सिंह फार दूरपर्यंत भटकले, काही ठिकठिकाणी मारले गेले, आणि महाराजांचा प्रयोग विरून गेला. आज डोबकुंडच्या भिंतींचे अवशेष रानात उभे आहेत. जाणाऱ्या येणाऱ्यास ते एखाद्या लहान गढीसारखे भासतील. कुनोत सिंह आणण्याचा पहिला यत्न म्हणून इतिहासात त्यांचे मोल किल्ल्यापेक्षा कमी नाही.

स्वातंत्र्यानंतर हीच कल्पना निराळ्या ठिकाणी पुढे आली. १९५७ साली गीरमधील एक सिंह आणि दोन सिंहिणी वाराणसीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्यात सोडण्यात आल्या. या वेळी सिंह देशी होते आणि हेतू शुद्ध संरक्षणाचा होता. आरंभी यशही आले. १९६५ पर्यंत संख्या अकरावर गेली. त्यानंतर मात्र ते सिंह एकाएकी नाहीसे झाले. अभयारण्य लहान होते, सभोवती वस्ती आणि गुरे होती, आणि सिंहांवर पद्धतशीर देखरेख नव्हती. ग्वाल्हेरच्या अनुभवाची ही दुसरी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

दोन्ही प्रयोगांत विसरला गेलेला प्रश्न एकच होता. एका रानात आधीच कोण राहतो, तो काय खातो, आणि नवा आलेला पशू कोणाच्या ताटात हात घालणार? या प्रश्नाची शास्त्रीय उत्तरे मिळू लागली ती १९६० नंतरच्या काळात. जॉर्ज शॅलर या शास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशातील कान्हाच्या रानात राहून वाघ आणि त्याचे भक्ष्य यांचा अभ्यास केला. शिकाऱ्याच्या मचाणावरून न पाहता, अभ्यासकाच्या वहीतून वाघ पाहण्याचा तो आरंभ होता. पुढे कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी वाघ, बिबळ्या आणि रानकुत्री, ज्यांना आपल्याकडे कोळसुंदे म्हणतात, यांचा एकत्र अभ्यास करून १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाघाने मारलेल्या जनावरांचे सरासरी वजन सुमारे ९१ किलो भरले, कोळसुंद्यांच्या शिकारीचे सुमारे ४३ किलो आणि बिबळ्याच्या शिकारीचे सुमारे ३८ किलो. म्हणजे गवा आणि सांबर वाघाच्या वाट्याचे. चितळ आणि त्याहून लहान जनावरे इतरांच्या वाट्याची. जेथे लहानमोठे भक्ष्य विपुल असते, तेथे एका रानात तीन तीन शिकारी नांदतात. कळपाने येऊन वाघाशी भांडणारी कोळसुंदी शिकारकथांत फार आढळतात. नागरहोळेच्या वहीत आढळते ती मात्र वाटणी.

भक्ष्य कमी किंवा जागा अपुरी असली म्हणजे काय होते, हे हरिद्वारजवळच्या राजाजी अरण्यात दिसून आले. चिल्ला भागातील गुज्जरांच्या वस्त्या २००३ च्या सुमारास हलविण्यात आल्या आणि तेथे वाघ वाढू लागले. २००४-०५ मध्ये शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे दहा असलेले बिबळे २००७-०८ पर्यंत सुमारे दोनवर आले. उरलेल्या बिबळ्यांच्या आहारात पाळीव जनावरांचे प्रमाण वाढले. वाघाने प्रत्येक बिबळ्याला गाठून मारले, असे समजण्याचे कारण नाही. वाघाचा वावर वाढला की बिबळ्या आपणहून कडेला सरकतो, आणि रानाच्या कडेला गाव असते. अशा रीतीने अरण्यातील दोन पशूंचा कलह गोठ्यातील वासरापर्यंत येऊन पोहोचतो. गावकऱ्याला बिबळ्या दिसतो. त्याच्या मागे उभा असलेला वाघ दिसत नाही.

चित्त्याची स्थिती याहून नाजूक आहे. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या माळावर केलेल्या अभ्यासात असे आढळले की, जन्मलेल्या शंभर पिल्लांपैकी सुमारे पाचच आईपासून स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत जगतात. बहुतेक पिल्ले सिंह आणि तरस यांच्या तोंडी जातात. कलाहारीच्या विरळ वाळवंटी प्रदेशात, जेथे सिंह आणि तरस कमी आहेत, तेथे मात्र हे प्रमाण शंभरात सुमारे ३५ असे मिळाले. चित्तीण पिल्लांना दर थोड्या दिवसांनी तोंडात धरून नव्या जागी हलविते. त्यापेक्षा अधिक असा कोणताही बचाव तिच्याजवळ नाही. मोठ्या शत्रूपुढे ती शिकार सोडून देते आणि दूर होते. तिच्या दृष्टीने तोच शहाणपणा आहे.

मार्जारकुळातील वैराला क्वचित अपवादही असतो. २०१८ च्या डिसेंबरात गीरमध्ये एका सिंहिणीने बिबळ्याच्या पिल्लाला आपल्या छाव्यांबरोबर दूध पाजून सुमारे दीड महिना सांभाळले. पिल्लू पुढे जन्मजात व्याधीने दगावले; पण तोवर सिंहीण त्याच्यासाठी आपली शिकार वाटून देत होती. अपवादावरून नियम बांधता येत नाही. तरी वैर हे रक्तात लिहिलेले नसून परिस्थितीने घडते, याला तो एक चांगला दाखला आहे.

आता पुन्हा कुनोकडे वळावयाचे. गीरमध्ये सिंहांची संख्या वाढत गेली हे खरे. १९६८ साली ते १७७ होते, २०१५ साली ५२३, २०२० साली ६७४ आणि २०२५ च्या गणनेत ८९१ भरले. परंतु सारी संपत्ती एकाच पेटीत ठेवण्यातील धोका शास्त्रज्ञांना दिसत होता. हा प्रश्न १९९३ साली बडोद्यास भरलेल्या एका परिषदेत चर्चिला गेला. त्यानंतर भारतीय वन्यजीव संस्थेने पाहणी करून सिंहांच्या दुसऱ्या घरासाठी कुनोची निवड केली. डोबकुंडच्या भिंतींनंतर सुमारे नव्वद वर्षांनी सिंहाचे नाव पुन्हा याच रानात घेतले गेले.

त्यासाठी १९९८ पासून २००३ पर्यंत कुनोतील २४ गावे उठविण्यात आली. दीड हजारांहून अधिक कुटुंबे, बहुतेक सहरियांची, रानाबाहेर नव्या जागी वसविण्यात आली. डिंक, मोहाची फुले, तेंदूपाने, नदीचे पाणी, पूर्वजांची देवस्थाने, हे सारे त्यांनी मागे ठेवले. त्यांची पुष्कळशी गुरेही रानातच राहिली आणि रानटी बनली. पुढे कित्येक वर्षे तीच बिबळ्यांचे भक्ष्य झाली. लोकांनी घरे सोडली ती सिंहांसाठी. सिंह मात्र आले नाहीत, कारण गुजरात राज्य ते देण्यास राजी नव्हते. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सिंह कुनोस न्यावेत असा निकाल दिला, आणि त्याच निकालात आफ्रिकेतील चित्ते आणण्याचा शासनाचा निर्णय रद्द ठरविला. सहा महिन्यांची वर्षे झाली, सिंह हलले नाहीत. २०१८ साली गीरच्या एका भागात अवघ्या काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांच्यात कुत्र्यांपासून येणाऱ्या विषाणूचा रोग आढळला, तेव्हा बडोद्याच्या परिषदेतील भीती अनाठायी नव्हती हे सर्वांना कळून चुकले.

जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने आफ्रिकी चित्ते प्रयोगादाखल आणण्यास परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोस आले. सिंहांसाठी रिकामे केलेले घर अशा रीतीने चित्त्यांना मिळाले. या वेळी मात्र शेजाऱ्यांचा विचार आधी झाला. कुनोत बिबळ्यांची संख्या चांगलीच आहे. म्हणून चित्त्यांसाठी कुंपण घातलेल्या आवारातून बिबळ्यांना बाहेर काढण्याची मोहीम झाली. काही बिबळे आवार सोडीनात, तेव्हा सातपुड्यातून शिकविलेले हत्ती आणून त्यांचा शोध घ्यावा लागला. माधवरावांच्या काळी भिंत उभारली होती ती सिंह बाहेर पडू नये म्हणून. या वेळचे कुंपण बिबळ्या आत येऊ नये म्हणूनही होते. शंभर वर्षांत माणसाच्या ज्ञानात पडलेली भर या दोन कुंपणांच्या तुलनेतून दिसते.

ज्ञान वाढले तरी अडचणी सरल्या नाहीत. २०२३ साली उन्हाने पिल्ले दगावली, नरमादीच्या झटापटीत एक चित्तीण मेली, आणि गळ्यातील पट्ट्याखाली झालेल्या जखमा चिघळून काही चित्ते गेले. त्यानंतर सर्व चित्त्यांना पुन्हा आवारात आणण्यात आले. डिसेंबर २०२४ पासून त्यांना टप्प्याटप्प्याने मोकळे सोडण्यास पुन्हा सुरुवात झाली. याच मातीत जन्मलेली पिल्ले वाढू लागली, ही त्यातील मोठी समाधानाची गोष्ट. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये कुनोत जन्मलेली एक वीस महिन्यांची चित्तीण रानात मृत आढळली. आईपासून नुकतीच वेगळी होऊन ती आपल्या बळावर हिंडू लागली होती. बिबळ्याशी झालेल्या झटापटीत तिचा अंत झाला असावा, असा वनखात्याचा प्राथमिक निष्कर्ष होता. पुस्तकात वाचलेला हिशेब अशा रीतीने रानात उतरला.

मध्यंतरी, एप्रिल २०२५ मध्ये, दोन चित्ते माळव्यातील गांधीसागर अभयारण्यात नेऊन सोडण्यात आले. तेथेही आधी बिबळे हलविण्याचे काम करावे लागले. दुसरीकडे शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात मार्च २०२३ मध्ये वाघ आणून सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये ते उद्यान व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी. याच रानात पूर्वी वाघांचे हाके होत असत. शिवपुरी आणि कुनो यांच्यामध्ये रानाचे पट्टे आहेत, आणि पश्चिमेला रणथंबोरही दूर नाही. रणथंबोरचा एक वाघ यापूर्वी कुनोत येऊन काही वर्षे राहून गेला आहे. तेव्हा वाघ पुन्हा कुनोत येणार, हे गृहीत धरूनच पुढील विचार केला पाहिजे. उद्या न्यायालयाच्या निकालाप्रमाणे सिंहही आला, तर चारही धनी एका रानात जमतील.

हे शक्य आहे काय, असा प्रश्न सहजच मनात येतो. पूर्वीच्या हिंदुस्थानात ते शक्य होते, कारण रान अफाट होते आणि हरणांचे कळप विपुल होते. आजचे कुनो राष्ट्रीय उद्यान ७४८ चौरस किलोमीटरांचे आहे, आणि शासनाच्याच आराखड्याप्रमाणे त्यात सुमारे २१ चित्ते राहू शकतात. एवढ्या जागेत कोणालाही कायमचे सुरक्षित ठेवता येत नाही. चित्त्याला माळ हवा, वाघाला झाडी हवी, सिंहाला दोन्हींच्या मधले रान हवे, आणि सर्वांना चितळ, सांबर, नीलगाय यांचे कळप हवेत. हे कळप वाढविणे, माळ राखणे आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याची वाट मोकळी ठेवणे, ही कामे दिखाऊ नाहीत. विमानातून उतरणाऱ्या पिंजऱ्यांचे छायाचित्र निघते. गवत वाढल्याचे निघत नाही. परंतु बिबळ्याने चित्त्याचे पिल्लू मारावे की दोघांनी एकमेकांना टाळून जगावे, हे शेवटी त्या गवतावर आणि त्यात चरणाऱ्या कळपांवर ठरते.

आणखी एक हिशेब बाकी आहे. ग्वाल्हेरच्या सिंहांनी मारलेल्या गाई ज्यांच्या होत्या, त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. राजाजीच्या कडेला बिबळ्याने नेलेली वासरे अशाच घरांतून गेली. कुनोतील २४ गावांनी सिंहांसाठी जागा दिली; त्या जागेवर चित्ते आले, वाघ येतील, कदाचित एक दिवस सिंहही येईल. पशूंचे आपापसांतील वैर हे निसर्गाचे आहे आणि ते कोणालाही मिटविता येणार नाही. मात्र त्या वैराचा फटका जेथे गोठ्यापर्यंत येतो, तेथे भरपाई वेळेवर पोहोचविणे, उठविलेल्या गावांस पाणी, जमीन आणि शाळा यांचे दिलेले वचन पाळणे, हे माणसाच्या हाती आहे. कुनोच्या रानात आता कोणता पशू आणावयाचा याचा निर्णय घेण्यापूर्वी हे जुने देणे फेडले गेले, तर पुढील प्रयोगाला ज्या लोकांचा आधार लागणार आहे, त्यांचा विश्वास मिळेल. आणि डोबकुंडच्या भिंतींना जे राखता आले नाही, ते कदाचित या विश्वासाने राखता येईल.